मुलांच्या चुका जपणारा माणूस : झाँ पियाजे

जन्मभर लहान मुलांच्या चुका गोळा करणाऱ्या एका थोर माणसाचे चरित्र आज सांगावयाचे आहे. पण त्याआधी आमच्याच एका चुकीची कबुली देणे भाग आहे.

नोकरीचे ते पहिलेच वर्ष होते. वर्गात समुद्राचा धडा झाला आणि आम्ही मुलांना लेखी प्रश्न घातला. किनाऱ्यापासून दूर लाटा फुटून पांढरा फेस उठतो, तेथील खडकांची लांबच लांब रांग कशी तयार झाली, असा तो प्रश्न. एका आठ वर्षांच्या मुलाने लिहिले, की ती रांग माणसांनी दगड वाहून नेऊन रचली. आम्ही लाल शाईने फुली मारली आणि बरोबर उत्तर फळ्यावर लिहून दिले. मुलाने ते मुकाट्याने उतरवून घेतले. त्यानंतर वर्षभर त्याने आपणहून एकदाही हात वर केला नाही.

पुढे काही निमित्ताने त्याच्या घरी जाणे झाले. घरामागे उसाचे शेत, आणि शेतात काळ्या दगडांची पुरुषभर उंचीची रास. आपल्या बेटावर अशा राशी सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्याच्या आजोबांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, की हे दगड आपल्या वाडवडिलांनी एकेक करून हातांनी वेचले, तेव्हा कुठे या जमिनीत ऊस उभा राहिला. ही कथा तो मुलगा कळू लागल्यापासून ऐकत आला होता. जमिनीवरची दगडांची रास माणसांनी रचली, तर समुद्रातली रांग दुसऱ्या कोणी रचली असणार? त्याचे उत्तर चुकले होते खरे. पण ते डोके न चालवता दिलेले नव्हते. जेवढे त्याला ठाऊक होते तेवढे सगळे पणाला लावून त्याने ते दिले होते, आणि आम्ही त्यावर फुली मारली होती.

झाँ पियाजे यांचे चरित्र वाचताना आम्हाला या मुलाची फार आठवण झाली. का, ते पुढे कळेलच.

शंख-शिंपल्यांचा नाद

पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील न्युशातेल या गावी झाला. तळ्याकाठी वसलेले हे गाव फ्रेंच बोलणाऱ्यांचे. वडील आर्थर पियाजे हे मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक. पुरावा मिळाल्याशिवाय कोणतीही गोष्ट खरी मानावयाची नाही, हा त्यांचा बाणा. गावातील लोकांना ज्या जुन्या बखरीचा अभिमान वाटे, ती खरी जुनी नसून मागाहून कोणी तरी रचलेली आहे, हे त्यांनी दाखवून दिले होते. आई रेबेका धार्मिक वृत्तीची, बुद्धिमान, पण मनाने अस्वस्थ. घरात शांतता कमी असे. अशा घरातला मुलगा वडिलांच्या वळणावर गेला आणि त्याने अभ्यासात आपले मन रमविले.

वयाच्या अकराव्या वर्षी, १९०७ साली, त्याने एका बागेत पांढऱ्या रंगाची चिमणी पाहिली आणि तिच्यावर छोटेसे टिपण लिहून निसर्गविषयक मासिकाकडे धाडले. ते छापून आले. मग गावच्या संग्रहालयाचे संचालक पॉल गोदे यांनी त्याला मदतनीस म्हणून येऊ दिले. आठवड्यातून दोनदा जाऊन शंख-शिंपल्यांना चिठ्ठ्या चिकटवावयाच्या, आणि मोबदला म्हणून स्वतःच्या संग्रहासाठी काही नमुने घ्यावयाचे, असा तो व्यवहार होता. १९११ साली गोदे वारले. तोपर्यंत हा मुलगा गोगलगायींच्या जातकुळीचा चांगलाच जाणकार झाला होता. त्याचे लेख शास्त्रीय मासिकांत छापून येऊ लागले. जिनिव्हाच्या संग्रहालयाने त्याला अशा संग्रहाची देखरेख करण्याची जागा देऊ केली. आपण अजून शाळेतच शिकत आहोत, असे त्याला उत्तरी कळवावे लागले!

स्वित्झर्लंडच्या तळ्यांतील एका गोगलगायीने त्यांना पुष्कळ शिकविले. शांत पाण्यात तिचे कवच लांबट वाढते, तर जेथे लाटांचा मारा असतो तेथे ते आखूड आणि रुंद होते. प्राणी परिस्थितीला आपल्या परीने तोंड देतो आणि तसे करताना स्वतःही बदलतो. ही गोष्ट पियाजे यांच्या मनात घर करून राहिली. १९१८ साली याच वर्गातील प्राण्यांवर प्रबंध लिहून त्यांनी न्युशातेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. गोगलगायींच्या या अभ्यासकाने पुढे मुलांच्या मनाचा अभ्यास केला, तो याच दृष्टीने.

लहानपणच्या एका आठवणीने त्यांना आणखी एक धडा दिला. ते दोन वर्षांचे असताना पॅरिसच्या रस्त्यावर कोणी तरी त्यांना पळवून नेऊ पाहिले, दाईने झटापट करून वाचविले, तिच्या तोंडावर ओरखडे उठले, मग पोलीस धावून आला, असे सारे दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राही. पंधरा वर्षांचे होईतो त्यांनी ही आठवण खरी मानली. मग त्या दाईचे आईवडिलांना पत्र आले. ती सारी हकिकत आपण रचलेली होती असे कबूल करून, बक्षीस मिळालेले घड्याळ तिने परत केले. घडलेलेच नव्हते ते पियाजे यांना आठवत होते! लहानपणी ऐकलेली गोष्ट मनात चित्र होऊन बसली होती. मनाची पाटी कोरी नसते, आणि तिच्यावर आधी काय लिहिले गेले आहे ते खुद्द मालकालाही ठाऊक नसते, हे त्यांनी स्वतःवरूनच अनुभवले.

पॅरिसची शाळा

डॉक्टरेटनंतर काही काळ झुरिच येथे मनोविकारांचा अभ्यास करून पियाजे १९१९ साली पॅरिसला गेले. बुद्धिमापनाच्या कसोट्या तयार करणारे आल्फ्रेड बिने १९११ सालीच निवर्तले होते. त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी पियाजे यांना एक काम दिले. इंग्लंडमधील सिरिल बर्ट यांच्या तर्कशक्तीच्या कसोट्या पॅरिसच्या मुलांसाठी बसवून घ्यावयाच्या होत्या. काम तसे कंटाळवाणे. मुलाला प्रश्न विचारावयाचा, उत्तर बरोबर की चूक ते लिहावयाचे, आणि शेवटी बेरीज करावयाची.

पियाजे यांचे मन बेरजेत रमेना. त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसू लागली. एकाच वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकत होती. चुका निव्वळ अंदाजपंचे असत्या, तर त्या वाटेल तशा पसरल्या असत्या. तशा त्या नव्हत्या. याचा अर्थ त्या चुकांमागे काही तरी विचार होता. मग त्यांनी छापील प्रश्न बाजूला ठेवले आणि मुलांशी गप्पा सुरू केल्या. असे तुला का वाटते, कशावरून ठरविलेस, आणि असे झाले तर काय होईल, अशा प्रश्नांनी ते मुलाच्या विचारामागोमाग जात. मनोविकारांचे डॉक्टर रुग्णाला जसे मोकळेपणी बोलू देतात, तीच रीत त्यांनी वर्गात आणली.

एक उदाहरण घेऊ. पुढे त्यांनी मुलांना लाकडी मण्यांची पेटी दाखविली. बहुतेक मणी तपकिरी, दोनच पांढरे. तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त, असा प्रश्न. सहा वर्षांचे मूल ठामपणे तपकिरी जास्त असे सांगते. सगळे मणी लाकडीच आहेत हेही ते कबूल करते, तरीही! कारण पूर्ण पेटी आणि तिच्यातला एक भाग ही दोन्ही एकाच वेळी मनात धरणे त्याला अजून जमत नाही. ते तपकिरींची तुलना उरलेल्या पांढऱ्यांशी करते. म्हणजे मूल प्रश्नाला चुकीचे उत्तर देत नाही, तर वेगळ्याच प्रश्नाला बरोबर उत्तर देते. हे कळल्यावर शिक्षकाने लाल शाई कशी वापरावी, याचा विचार करावा लागतो.

मुलांचे जग

हे लेख वाचून जिनिव्हाचे एदुआर क्लापारेद यांनी १९२१ साली त्यांना आपल्या रूसो संस्थेत अभ्यास-प्रमुख म्हणून बोलावून घेतले. जिनिव्हा ही पुढे त्यांची कायमची कर्मभूमी झाली.

तेथे त्यांनी मुलांना आभाळ, वारा, तळी आणि स्वप्ने यांविषयी विचारले. १९२६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक मुलांच्या मनातील जगाचा नकाशाच आहे. लहान मुलांच्या मते सूर्य आणि ढग जिवंत असतात, कारण ते चालतात. चंद्र आपल्या मागोमाग येतो. झाडे हलतात म्हणून वारा सुटतो. वस्तूचे नाव वस्तूतच असते, ते कोणी ठेवलेले नसते. आणि तळी माणसांनी खणली आहेत, गावातल्या लोकांना पाणी हवे म्हणून.

हे शेवटचे उत्तर वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून ठेवले. आमच्या वर्गातल्या मुलाने समुद्रातल्या खडकांविषयी जे लिहिले होते, तेच जिनिव्हाच्या मुलांनी आपल्या तळ्याविषयी सांगितले होते. मूल पाहते की घरातली प्रत्येक वस्तू कोणी तरी केलेली आहे. आई जेवण करते, बाप भिंत बांधतो. तेव्हा डोंगर आणि तळेही कोणी तरी केलेलेच असणार. याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. ठाऊक असलेल्यावरून ठाऊक नसलेल्याकडे जाणे हेच ते आहे, आणि शास्त्रज्ञही दुसरे काही करीत नाही.

पियाजे यांनी यातून जो सिद्धांत मांडला त्याचे मूळ गोगलगायीत आहे. मूल नवी गोष्ट आपल्या जुन्या समजुतीच्या साच्यात बसवून घेते. यास त्यांनी आत्मसात करणे म्हटले. ती बसेनाशी झाली की साचाच बदलावा लागतो. हे झाले जुळवून घेणे. अन्न खाल्ले म्हणजे ते आपल्या शरीराचे होते, आणि ते पचविताना शरीरालाही बदलावे लागते, तसेच हे आहे. यावरून शिक्षकांनी ध्यानात घ्यावयाचे ते असे, की जुन्या समजुतीला हात न लावता वरून नवे वाक्य दिले, तर मूल ते वाक्य पाठ करील, पण जुनी समजूत खाली जशीच्या तशी राहील.

घरातली प्रयोगशाळा

१९२३ साली पियाजे यांचा विवाह व्हॅलेंतीन शातने यांच्याशी झाला. त्या त्याच संस्थेतील विद्यार्थिनी होत्या. झाकलीन १९२५ साली, ल्युसिएन १९२७ साली आणि लोराँ १९३१ साली जन्मला. या तिन्ही बाळांच्या हालचाली पतिपत्नींनी दिवसागणिक वहीत टिपल्या. त्या निरीक्षणांतून बाळाच्या बुद्धीवर जगप्रसिद्ध ग्रंथ तयार झाले. व्हॅलेंतीन यांचा या कामातला वाटा मोठा होता, हे सांगितलेच पाहिजे.

आयाबायांनी घरी करून पाहावा असा त्यातला एक प्रयोग आहे. नऊ-दहा महिन्यांच्या बाळासमोर खेळणे एका उशीखाली लपवावे. बाळ उशी दूर करून ते काढते. असे दोन-चार वेळा झाल्यावर, बाळ पाहत असतानाच, ते खेळणे दुसऱ्या उशीखाली ठेवावे. बाळ पुष्कळदा पहिल्याच उशीखाली शोधते! डोळ्यांनी पाहिले एक आणि हात गेला दुसरीकडे, कारण आधी तेथे यश आले होते. पूर्वीच्या अनुभवाचे बळ एवढे असते. आपण मोठी माणसे तरी काय वेगळे करतो?

पाणी तेवढेच, की जास्त?

पियाजे यांचे सर्वांत गाजलेले प्रयोग पुढे झाले. त्यांत बार्बेल इनहेल्डर आणि अलिना शेमिन्स्का या दोन विदुषींचा मोठा सहभाग होता. इनहेल्डर विद्यार्थिनी असताना पियाजे यांनी त्यांना सुचविले, की पेल्यातल्या पाण्यात साखरेचा खडा टाकावा आणि तो विरघळल्यावर साखरेचे काय झाले ते मुलांना विचारावे. लहान मुलांच्या मते साखर नाहीशी होते. थोडी मोठी मुले गोडी उरते म्हणतात, पण साखर उरत नाही. आणखी मोठी झाल्यावर साखर आहेच, फक्त दिसत नाही, असे त्यांना उमगते.

तसेच पाण्याचे. सारखे दोन पेले सारखे भरावे. मुलाने दोन्हींत पाणी सारखे आहे असे कबूल केले, की एकातले पाणी उंच व निमुळत्या पेल्यात ओतावे. पाच वर्षांचे मूल उंच पेल्यात जास्त पाणी आहे असे सांगते. त्याला पाणी वर चढलेले दिसते आणि वर चढणे म्हणजे वाढणे हे त्याने आजवर पाहिलेले असते. सात-आठ वर्षांचे मूल या प्रश्नाला हसते. मधल्या काळात त्याला कोणी व्याख्यान दिलेले नसते. पाणी ओतून, सांडून, परत भरून त्याने ते ज्ञान स्वतः उभे केलेले असते.

१९२८ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी पियाजे यांना सुचविले, की मुलांच्या मनात वेळेची कल्पना आधी येते की वेगाची, हे शोधावे. पियाजे यांनी ते मनावर घेतले आणि १९४६ साली या विषयावर ग्रंथ लिहिले. दोन खेळण्यांतल्या गाड्या एकाच क्षणी निघाल्या आणि एकाच क्षणी थांबल्या, तरी जी पुढे पोहोचली ती जास्त वेळ चालली, असे लहान मुले सांगत. साध्या प्रश्नाचे मोल थोर माणसांना असे कळते.

१९२९ पासून जवळजवळ चार दशके ते जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाचे संचालक होते. १९५५ साली त्यांनी ज्ञानाच्या उगमाचा अभ्यास करणारे स्वतःचे केंद्र काढले. तेथे गणिती, तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र बसत. तोंडात चिलीम, डोक्यावर बेरे टोपी आणि खाली सायकल, असा हा प्राध्यापक साऱ्या जिनिव्हाला परिचित होता. रोज नेमाने लिहावे आणि लिहून झाल्यावर डोंगरात पायी फिरावे, हा त्यांचा शिरस्ता. अभ्यासिकेत कागदांचे डोंगर असत. नव्या माणसास तेथे काहीच सापडत नसे, पण त्यांचे मात्र अडत नसे.

गुरूच्याही चुका

थोर माणसाच्या चरित्रात त्याच्या उणिवा लपवू नयेत. स्वतः पियाजे यांनीही पुढे मान्य केले, की आपली सुरुवातीची पुस्तके मुलांच्या बोलण्यावर फार विसंबून होती.

रशियातील लेव्ह विगोट्स्की यांनी फार पूर्वीच आक्षेप घेतला होता, की मूल एकटे शिकत नाही. मोठ्यांच्या बोलण्यातून आणि हात धरून शिकविण्यातून त्याची बुद्धी वाढते. विगोट्स्की १९३४ साली तरुण वयातच वारले. त्यांची टीका पियाजे यांना नीट वाचावयास मिळाली ती पंचवीस वर्षांनंतर. तेव्हा त्यांनी छापील उत्तर दिले आणि त्यातील काही मुद्दे मोकळ्या मनाने मान्य केले.

दुसरा धडा आफ्रिकेतून आला. पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड या अमेरिकन संशोधिकेने सेनेगलमधील वोलोफ मुलांबरोबर पाणी ओतण्याचा प्रयोग केला, त्याचा वृत्तांत १९६६ साली प्रसिद्ध झाला. शाळेत न गेलेल्या कित्येक मुलांनी पाणी बदलले असे सांगितले, कारण ते त्या बाईने ओतले होते. तिच्या हातात काही करामत असावी असे त्यांना वाटले. मग पाणी मुलांना स्वतः ओतू दिले. आता पाणी तेवढेच आहे असे सांगणारी मुले पुष्कळ वाढली. म्हणजे मुलाला पाण्याविषयी काय वाटते हे जसे महत्त्वाचे, तसेच विचारणाऱ्याविषयी काय वाटते हेही. समोरच्या मोठ्या माणसावरची श्रद्धा किंवा त्याची भीती हेही मुलाचे पूर्वज्ञानच आहे. स्कॉटलंडमध्येही १९७० च्या दशकात असेच आढळले. सोंगट्यांची रांग मोठ्या माणसाने लांबविली तर मुले चुकत, आणि खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने विस्कटली तर त्यांतील पुष्कळजण बरोबर उत्तर देत.

यावरून दिसते, की पियाजे यांनी मुलांच्या क्षमतेला काही ठिकाणी कमी लेखले. त्यांनी ठरविलेली वये सर्व देशांत, सर्व घरांत सारखी लागू पडत नाहीत. कवचाची वाढ पाहणारा माणूस बुद्धीचीही पायरीपायरीने वाढ पाहत होता. त्यांनाही त्यांचे पूर्वज्ञान सुटले नव्हते. त्या ज्ञानाने त्यांना पुष्कळ दाखविले आणि थोडे झाकूनही ठेवले.

पण त्यांचा मूळ मुद्दा मात्र काळाच्या कसोटीला उतरला. स्टेला व्होस्नियादू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला अमेरिकन शाळकरी मुलांचा अभ्यास पाहा. पृथ्वी गोल आहे हे वाक्य त्या मुलांना ठाऊक होते. पण खोदून विचारल्यावर निरनिराळ्या पृथ्व्या बाहेर पडल्या. कोणाची पृथ्वी थाळीसारखी गोल आणि सपाट. कोणाची पोकळ चेंडूसारखी, जिच्या आत सपाट तळावर माणसे राहतात. कोणाच्या दोन पृथ्व्या, आपण राहतो ती सपाट आणि आकाशातली दुसरी गोल. पायाखालची जमीन सपाट दिसते, आणि आधार नसलेली वस्तू खाली पडते, हे मुलांचे रोजचे ज्ञान. शिक्षकाचे वाक्य त्यांनी नाकारले नाही. आपल्या ज्ञानाशी त्याची कशीबशी सोयरीक जुळविली. परीक्षेत या सर्व मुलांना पूर्ण गुण मिळाले असते!

आपल्या घरी, आपल्या वर्गात

पियाजे यांचे जिनिव्हा येथे १६ सप्टेंबर १९८० रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी निधन झाले. त्यांचे नाव शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात घेतले जाते. आम्हीही ते घोकले होते. पाठाच्या टिपणात पूर्वज्ञान असा एक रकाना असे. आम्ही त्यात मागच्या धड्याचे नाव लिहून मोकळे होत असू. जणू मुलाला जे ठाऊक आहे ते सारे आम्हीच शिकविले होते!

आपल्या बेटावरचे मूल तर किती गोष्टी बरोबर घेऊन शाळेत येते. घरात आणि गल्लीत क्रेओल, पुस्तकात इंग्रजी व फ्रेंच, आणि मराठीच्या तासाला आजीची भाषा. क्रेओलमध्ये वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसते. म्हणून मूल नदीला मोठा म्हणते आणि डोंगराला मोठी. आपण चटकन कपाळाला हात लावतो आणि आताच्या मुलांना मराठीची गोडी नाही असा निकाल देतो. गोडी नाही असे नव्हे. नदीला आणि डोंगराला वेगवेगळे विशेषण लागावे याचे त्याच्या क्रेओलमध्ये काही कारणच नाही. ते कारण आधी आपण दाखवावे, मग चूक काढावी. त्या मुलाला एक भाषा पुरती येते म्हणून ते दुसऱ्या भाषेत असे चुकते. कोणतीच भाषा न येणारे मूल असे चुकणार नाही.

घरी आईवडिलांनी फार काही करावयाचे नाही. मुलाने काही विचित्र उत्तर दिले, तर हसण्याआधी आणि सुधारण्याआधी एवढेच विचारावे, की तुला असे कशावरून वाटले. मग थोडा वेळ गप्प बसावे. हे गप्प बसणेच कठीण! शिक्षकांना तर फारच कठीण. पण मूल काय सांगते ते ऐकल्याशिवाय नवा धडा कोठे टेकवावा हे कळत नाही. भिंत बांधण्याआधी गवंडी जमीन ठोकून पाहतो, तसेच हे. आणि मुलाचे सगळेच खरे मानावे असेही नाही. पियाजे यांनी चुकीला बरोबर म्हटले नाही. तिला अभ्यासण्याजोगी मानले. सुधारणा करावयाचीच, पण मुलाच्या विचाराला धरून.

त्या मुलाविषयी एक सांगावयाचे राहिले. समुद्रातली ती रांग प्रवाळाची आहे. पिढ्यान्‌पिढ्या असंख्य चिमुकले जीव आपापल्या चुन्याच्या सांगाड्याची भर घालतात, तेव्हा ती वर येते. म्हणजे ती कोणी तरी बांधली आहे, हा त्याचा विचार अगदीच वाया जाणारा नव्हता. बांधणारे माणसे नव्हते, एवढाच फरक. त्या दिवशी आम्ही त्याला आजोबांच्या दगडांच्या राशीविषयी बोलू दिले असते, तर त्याच राशीवरून प्रवाळाच्या रांगेपर्यंत त्याला नेता आले असते. वाट त्याने अर्धी तयार केली होती. आम्हीच ती फुली मारून बंद केली.

टिपणातला पूर्वज्ञानाचा रकाना आम्ही अजूनही भरतो. मात्र आता तो धड्याआधी घरी बसून भरत नाही. वर्गात मुलांना बोलू देतो, आणि मग भरतो.